ठेव्यावरील नाग

पुरलेल्या धनावर नाग बसलेला असतो ही समजूत आपल्याकडे इतकी जुनी व इतकी सर्वसाधारण आहे कीं, ती कोणीं कोणास शिकविली असें म्हणतांच येत नाहीं. पडक्या वाड्याच्या तळघरांत, ओसाड देवळाच्या गाभाऱ्यांत, पिंपळाच्या मुळाशीं हंडा असला तर त्यावर भुजंग असावयाचाच. आणि तो भुजंग म्हणजे त्या धनाचा पूर्वजन्मींचा मालक, हा त्या समजुतीचा उत्तरार्ध. तिचा खरेखोटेपणा पाहण्याचें येथें कारण नाहीं. आमच्या दृष्टीनें तींतील एकच गोष्ट महत्त्वाची आहे. ती ही कीं, या नागाशीं कसें वागावें याविषयीं आपल्या कथांचें एकमत नाहीं. कोणी त्याला दूध ठेवतो, कोणी हात जोडून वाट मागतो, कोणी वंशांतील अमुक पुरुष जन्मास येईपर्यंत थांबून राहतो. त्याला ठार मारून हंडा उचलणारा क्वचित् आढळतो, आणि आढळलाच तर त्याचा निर्वंश झाल्याचें त्या कथेंतच पुढें सांगितलेलें असतें.

नेमका हाच देखावा, म्हणजे अंधारें भुयार, द्रव्याची रास आणि तिच्यावर वेटोळें घालून बसलेला सर्प, गेल्या पन्नास वर्षांत एका अमेरिकन खेळानें जगभर नेला आहे. त्या खेळांत सर्पजातीचें काय झालें, आणि त्यांतहि आपल्या नागाचें काय झालें, हें पाहण्याचा आमचा विचार आहे. विषय पोरकट आहे असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु समाज ज्या गोष्टी केवळ करमणूक म्हणून करतो त्यांतच त्याची भीति आणि त्याचा लोभ हीं मोकळेपणानें बाहेर येतात, असें आम्हांस वाटतें. शिवाय हा खेळ आतां मुंबई-पुण्याकडील तरुणांतहि शिरला आहे. आणि ज्या नागाला आजी श्रावणांत लाह्या-दूध वाहते त्यालाच नातू तिसऱ्या प्रहरीं तलवारीनें कापतो, ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी खास नाहीं.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हें त्या खेळाचें नांव. विस्कॉन्सिन संस्थानांत लेक जिनीव्हा या लहानशा गांवीं राहणारे गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटांतील डेव्ह आर्नेसन या दोघांनीं तो १९७४ सालीं प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ति अवघ्या एक हजार प्रतींची. एका पेटींत तीन पातळ पुस्तिका. दोघेहि मूळचे लुटुपुटीच्या लढायांचे षोकी. टेबलावर शिशाचे सैनिक मांडून जुन्या लढाया पुन्हां लढण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत बराच जुना आहे. त्या छंदांत एक खेळाडू म्हणजे एक सैन्य असे. या दोघांनीं एक खेळाडू म्हणजे एक माणूस असें केलें, आणि तेवढ्या फरकानें खेळाचें रूप पालटलें. चारपांच मंडळी टेबलाभोंवतीं बसतात. एकजण सूत्रधार होतो. भुयार कसें आहे, दाराआड काय आहे, हें त्यालाच ठाऊक. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर अशी भूमिका घेतात आणि 'मी दार उघडतों', 'मी मशाल पुढें करतों' असें तोंडानें सांगत जातात. वार लागला कीं चुकला याचा निवाडा फांशानें होतो, आणि तो फांसा बहुधा २० बाजूंचा असतो. पट असलाच पाहिजे असें नाहीं, आणि शेवटीं कोणी जिंकतहि नाहीं. आपल्या वेदान्त्यांच्या प्रसिद्ध दृष्टांतांत साप खोटा असला तरी निदान दोरी तरी खरी असते. येथें तीहि नसते, आणि तरीसुद्धां टेबलाभोंवतींचीं माणसें दचकतात.

खेळाच्या नांवांतच सर्प बसलेला आहे, हें इंग्रजी खेळाडूंच्या सहसा ध्यानांत येत नसावें. 'ड्रॅगन' हा शब्द ज्या ग्रीक 'द्राकोन' पासून आला त्याचा अर्थ मुळांत सर्प असाच होता. जुन्या इंग्रजींतील 'वर्म' हा शब्दहि सर्प आणि ड्रॅगन या दोघांस सारखाच चाले. 'बेवुल्फ' काव्यांतील द्रव्यरक्षक प्राणी याच कुळांतला, आणि नॉर्स कथेंतील फाफ्निर तर द्रव्याच्या लोभानें मनुष्याचा सर्प झालेला, म्हणजे आपल्या हंड्यावरील भुजंगाचा सख्खा भाऊच. त्याला पुढें सिगुर्डनें मारलें. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टोल्किन यांनीं १९३७ सालच्या 'हॉबिट' मध्यें याच घराण्यांतला एक ड्रॅगन सोन्याच्या राशीवर निजविला, आणि तेथून तो या खेळांत आला. पंख, पाय व अग्नि हे अलंकार त्याला नंतर मिळाले. खरा सर्प मात्र मागें राहिला, आणि त्याची गणना स्वतंत्रपणें करावी लागली.

ती गणना गायगॅक्स यांनीं १९७७ सालच्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या ग्रंथांत केली. राक्षस, पशु, भुतें, दैत्य यांचा हा वर्णानुक्रमी कोश आहे, आणि त्याची मांडणी मोठी गमतीची आहे. प्रत्येक प्राण्यास प्राण किती, कातडी किती कठीण, चाल किती, दंशानें इजा किती, जवळ द्रव्य किती, बुद्धि किती आणि वृत्ति सुष्ट कीं दुष्ट, हें सर्व आधीं नोंदून मग वर्णनास आरंभ होतो. प्रचंड सर्पांचे पांच प्रकार सांगितले आहेत: दोन तोंडांचा, विळखा घालणारा, विषारी, समुद्रांतला आणि विष थुंकणारा. यांतला दोन तोंडांचा सर्प गायगॅक्स यांच्या कल्पनेंतला नव्हे. रोमन कवि लुकान यानें आपल्या महाकाव्याच्या नवव्या सर्गांत केटोचें सैन्य लिबियाच्या वाळवंटांतून जात असतां सर्पांनीं त्याची कशी दैना केली तें वर्णिलें आहे. एकेका सर्पाचें नांव आणि एकेका विषाची निराळी करणी, अशी ती अंगावर कांटा आणणारी यादी आहे, आणि तींत हा दुतोंड्या आहे. 'मॉन्स्टर मॅन्युअल' चा खरा पूर्वज आम्हांस तो सर्गच वाटतो. आपल्याकडे मांडूळ नांवाचा गरीब साप आंखूड, बोथट शेपटीमुळें दुतोंड्या ठरला, आणि तो गुप्त धन दाखवितो या वेडगळ समजुतीपायीं आजहि चोरून पकडला व विकला जातो. कायद्याचें संरक्षण असूनहि पोलिसांच्या धाडींत मांडुळें सांपडल्याच्या बातम्या येतच असतात. खेळांतला दुतोंड्या निदान कागदावर तरी सुखरूप आहे.

ग्रीक व रोमन वारशाचे बाकीचे सर्प फार बदलून आले. प्लिनीचा बॅसिलिस्क बारा बोटें लांबीचा, डोक्यावर मुकुटासारखा पांढरा ठिपका असलेला सर्प होता; खेळांत त्याला आठ पाय फुटले. मेड्युसाचें तर त्याहून विलक्षण झालें. ग्रीक कथेंत मेड्युसा ही एकच; केसांच्या जागीं सर्प असलेली ती दुर्दैवी स्त्री पर्सियसनें मारली तेव्हां संपली. खेळांत मेड्युसा ही एक जात झाली, आणि ती कितीहि वेळां मारावी. व्यक्तीची जात करणें ही या कोशाची खोडच आहे, आणि तिचा परिणाम आपल्या नागावर काय झाला तें पुढें येईलच.

विषाचा हिशेब येथेंच आटोपूं. १९७४ च्या नियमांप्रमाणें नवशिक्या योद्ध्यास विषारी दंश झाला तर २० बाजूंच्या फांशावर १२ किंवा अधिक पडले तरच तो वांचे. ११ पडले कीं आटोपला. वैद्य नाहीं, उतारा नाहीं, मधली स्थिति नाहीं. खेळाडूंस हें फार निष्ठुर वाटूं लागलें, आणि नियम सौम्य होत गेले. २०१४ च्या आवृत्तींत साध्या विषारी सापाच्या दंशानें, बचावाचा फांसा फसला तरी, सरासरी ५ प्राणांक तेवढे जातात आणि रात्रभर झोंप काढली कीं ते भरून येतात. आम्हांस पहिला नियमच अधिक खरा वाटतो. मण्यार बहुधा रात्रीं जमिनीवर झोंपलेल्या माणसास चावते, आणि त्याला कित्येकदां चावल्याचें कळतहि नाहीं. तेथें फांसा टाकावयासही अवसर नसतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें, म्हणजे वर्षास सरासरी ५८,०००, मेलीं असा २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चौघांच्या विषावर घोड्यांच्या रक्तांतून काढलेलें प्रतिविष उपलब्ध आहे. तें वेळेवर हाताशीं असणें हाच खरा बचावाचा फांसा. ज्या देशांत हा खेळ जन्मला तेथें सर्पदंशाचा मृत्यु विरळा. भय दूरचें असलें म्हणजे त्याची करमणूक होऊं शकते, आणि यांत त्या लोकांस दोष देण्यासारखें कांहीं नाहीं.

आतां आपल्या नागाकडे वळूं. १९७७ च्या ग्रंथांत 'नागा' या नांवाखालीं तीन जाती आहेत. त्यांस आपण रक्षक नाग, पिशाचनाग आणि जलनाग म्हणूं. तिघांचेंहि शरीर प्रचंड सर्पाचें आणि मुख मनुष्याचें. रक्षक नाग सुष्ट आणि नियमनिष्ठ; तो पवित्र स्थानें व ठेवे राखतो, पुरोहितांचे मंत्र जाणतो, आणि प्रसंग पडल्यास विषहि थुंकतो. पिशाचनाग दुष्ट आणि स्वैर. त्याच्या डोळ्यास डोळा भिडला कीं मनुष्य त्याच्या मोहिनींत सांपडतो. जलनाग या दोहोंच्या मधला, उदासीन. पुढील आवृत्त्यांत रक्षक नागाच्या अंगाला फुलांचा वास येतो आणि पिशाचनागाच्या अंगाला कुजक्या मांसाचा, असाहि तपशील आला आहे. केवड्याच्या बनांत नाग राहतो असें ऐकत लहानाचे मोठे झालेल्यांस पहिल्या तपशिलाचें नवल वाटूं नये. तात्पर्य, गायगॅक्स यांनीं नागाला सरसकट दुष्ट ठरविलें नाहीं. पाश्चात्त्य धर्मकथेंत सर्पाला जें स्थान आहे तें पाहतां हें विशेष म्हटलें पाहिजे.

मात्र रूपाच्या बाबतींत खेळानें आपल्या शिल्पकारांच्या नेमकी उलट रीत धरली आहे. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्याच्या अंगणांत नागराज व त्याची राणी यांचें पांचव्या शतकांतील शिल्प आहे. राजा निवांत बसला आहे; मुकुट, हार, बसण्याची ढब, सगळें राजाचें. मस्तकामागें सात फणांचें छत्र आहे. राणीच्या मस्तकावर एकच फणा. शरीर सर्वस्वीं मनुष्याचें, आणि सर्पपण तेवढें छत्रासारखें मागें उभें. कमरेखालीं सर्पदेह असलेले नागहि आपल्याकडे आहेत. महाबलिपुरमच्या प्रचंड शिलापटावर ते दिसतात. परंतु तेथेंहि त्यांचे हात शाबूत आहेत, आणि ते जोडलेले आहेत. खेळांतल्या नागाला हातच नाहींत. तो नमस्कार करूं शकत नाहीं, दान देऊं शकत नाहीं, दान घेऊंहि शकत नाहीं. अजिंठ्याच्या नागापुढें गेलेला मनुष्य आधीं वांकेल. खेळांतल्या नागापुढें गेलेला आधीं मुठीवर हात ठेवील. मानवी मुख त्याला आहे, म्हणजे बोलण्याची सोय तेवढी ठेवली आहे, हें मात्र विसरतां कामा नये.

दुसरा फरक नांवाचा. आपल्या ग्रंथांतला नाग हा कोणी एक नाग नसतो. तो शेष असतो, वासुकि असतो, तक्षक असतो. त्याला आई असते, बहीण असते, शाप असतो, रुसवा असतो. उलूपीनें तर अर्जुनाशीं विवाह केला. नळानें वणव्यांतून कर्कोटकास बाहेर काढलें, आणि कर्कोटक त्यालाच चावला. पण त्या दंशानें नळाचें रूप पालटून त्याचा अज्ञातवास निभावला आणि अंगांतल्या कलीला मात्र विषाची आग सोसावी लागली. दंश हाहि उपकार असूं शकतो ही कल्पना कोणत्याहि कोशाच्या रकान्यांत मावणारी नव्हे. ज्याला नांव आहे त्याच्याशीं बोलतां येतें. ज्याला आंकडा आहे त्याच्यांतून वजाबाकी करतां येते. खेळांतल्या नागाला नांव देण्याची मुभा सूत्रधारास आहे, आणि चांगले सूत्रधार तें देतातहि. पण कोश तें देत नाहीं.

मेक्सिकोच्या सर्पाविषयीं थोडक्यांत सांगतों. पंख असलेला एक सज्जन सर्प 'क्वाटल' या नांवानें या खेळांत १९७६ पासून आहे. केत्साल्कोआत्ल या मेक्सिकन देवतेच्या नांवाचा हा उत्तरार्ध. नाहुआत्ल भाषेंत 'कोआत्ल' म्हणजे नुसता सर्प. पिसारा पूर्वार्धांत होता, तो नांव तोडतांना गळून पडला आणि चित्रांत मात्र राहिला. आपला 'नाग' आणि तो 'कोआत्ल' हे दोन भिन्न खंडांतले शब्द, अर्थ एकच, आणि दोघेहि परक्या कोशांत शेजारी झाले.

परंतु या खेळांतला सर्वांत गाजलेला सर्पवंश भारतांतून आला नाहीं कीं मेक्सिकोंतून आला नाहीं. तो स्वस्त मासिकांतून आला. टेक्ससमधील रॉबर्ट हॉवर्ड हा लेखक अवघीं तीस वर्षें जगला आणि तेवढ्यांत त्यानें अशा मासिकांसाठीं पुष्कळ लिहिलें. १९२९ च्या ऑगस्टमध्यें 'वीयर्ड टेल्स' मासिकांत त्याची 'द शॅडो किंगडम' ही कथा आली. तींत कुल नांवाच्या राजाच्या दरबारांत सर्पमुखी लोक मंत्र्यांचीं व सरदारांचीं रूपें घेऊन शिरलेले असतात. त्यांस ओळखण्याचें साधन एकच, सर्पाच्या जबड्यास उच्चारतां न येणारें एक वाक्य. गायगॅक्स यांनीं १९७९ च्या सूत्रधारांसाठींच्या ग्रंथांत आपणांस प्रेरणा देणाऱ्या लेखकांचीं नांवें दिलीं त्यांत हॉवर्डचें नांव आहे. मग १९८१ सालीं डेव्हिड कुक यांनीं 'ड्वेलर्स ऑफ द फॉरबिडन सिटी' या पुस्तिकेंत, जंगलांतील एका उध्वस्त नगरींत राहणारे 'युआन-टी' निर्माण केले. मनुष्य आणि सर्प यांच्या संकरानें झालेली ही जात. तिच्यांत तीन पायऱ्या आहेत, आणि पुढील ग्रंथांप्रमाणें ज्याच्यांत सर्पांश अधिक त्याचा मान अधिक. जो हुबेहूब मनुष्य दिसतो तो सर्वांत खालचा, आणि हेरगिरीस तोच उपयोगी. येथें सर्प केवळ निमित्त आहे. हें भय विषाचें नव्हे. आपल्यांत बसलेला, आपल्यासारखाच बोलणारा मनुष्य आपला नसेल तर काय, हें तें भय आहे, आणि तें कोणत्या काळांत व कोणत्या समाजांत वाढतें हें इतिहासाच्या अभ्यासकांस निराळें सांगावयास नको. परक्यांची 'जात' दुष्ट म्हणून नोंदण्याची ही रीत पुढें त्या खेळाच्या भक्तांसच बोंचूं लागली. २०१६ मध्यें मनुष्यासारखे दिसणारे युआन-टी खेळाडूंनीं स्वतः भूमिका म्हणून घेण्यास मोकळे झाले.

या वंशाविषयीं आणखी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. २००० सालापासून खेळाच्या नव्या मालकांनीं, म्हणजे विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनें, आपल्या नियमांचा मोठा भाग इतर प्रकाशकांस वापरण्यास मोकळा केला; कांहीं थोडे प्राणी मात्र खासगी मालमत्ता म्हणून राखून ठेवले. त्यांत युआन-टी आहेत. नाग नाहीं, क्वाटलहि नाहीं. जें सर्वांचें आहे त्यावर कुंपण घालतां येत नाहीं ही कबुली यापेक्षां स्पष्ट ती काय असावी? या मोकळ्या रानांत मग इतरांनींहि पीक घेतलें. 'पाथफाइंडर' या प्रतिस्पर्धी खेळाच्या २०१२ सालच्या एका ग्रंथांत 'विषकन्या' ही एक जात म्हणून आली, अंगावर बारीक खवले घेऊन. 'मुद्राराक्षस' नाटकांतल्या विषकन्येला खवले नव्हते. तिचें भय तिच्या निर्दोष कांतींतच होतें.

आतां पुन्हां ठेव्याकडे. मुंबईस जन्मलेल्या किपलिंगनें १८९५ च्या दुसऱ्या 'जंगल बुक' मध्यें एक विलक्षण कथा लिहिली आहे. उध्वस्त नगरीखालच्या तळघरांत राजाच्या खजिन्यावर एक म्हातारा पांढरा नाग बसलेला आहे. नगरी नष्ट झाल्याचें त्याला ठाऊकच नाहीं, आणि त्याच्या दांतांतलें विषहि केव्हांच आटलेलें आहे. मोगली तेथें उतरतो, नागाला नमवितो, पण मारीत नाहीं. रत्नजडित अंकुश तेवढा घेऊन बाहेर येतो, आणि मग त्या अंकुशापायीं माणसेंच एकामागून एक माणसांस मारतात. याच लेखकानें एकच वर्ष आधीं मुंगसाकडून साहेबाच्या बंगल्यांतल्या नागाचें सगळें कुटुंब निकालांत काढविलें होतें. बंगल्यांतला नाग मारावयाचा आणि तळघरांतल्या नागाशीं बोलावयाचें, असे दोन्ही धडे एकाच लेखणींतून उतरले.

खेळाच्या जुन्या नियमांत हा दुसरा धडा होता, हें आजच्या कित्येक खेळाडूंस ठाऊक नसतें. १९७४ च्या नियमांप्रमाणें समोर आलेला प्राणी अंगावर धांवलाच पाहिजे असें नव्हतें. सूत्रधारानें दोन फांसे टाकून त्याचा कल पाहावयाचा, आणि तो वैराचा, संशयाचा किंवा सलोख्याचा कसाहि निघूं शके. दुसरें, खेळाडूची बढती ज्या अनुभवगुणांवर अवलंबून, ते मारण्यापेक्षां मुख्यत्वें द्रव्य बाहेर काढण्याबद्दल मिळत. एका सुवर्णनाण्यास एक गुण असा पुढें सरळ हिशेब होता. म्हणजे नागाला बोलण्यांत गुंतवून, लांच देऊन, कांहीं वचन देऊन किंवा तो झोंपला असतां नाणीं घेऊन जो बाहेर पडला तो मारणाऱ्यापेक्षां शहाणा ठरे, कारण मारण्यांत जीव जाण्याचा धोका फार आणि गुण थोडे. साप मरावा आणि काठी मोडूं नये, याच्याहि पलीकडची ही युक्ति: काठीच उचलूं नये. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींत द्रव्याचे गुण ऐच्छिक झाले, आणि मारण्याचें पारडें जड झालें. २००० च्या आवृत्तींत 'संकटावर मात केल्याचे' गुण आले. मात बोलूनहि करतां येते हें नियमांत लिहिलेलें होतें. परंतु ज्या पुस्तकांत प्राण्याच्या नांवापुढें त्याच्या प्राणांची व त्याला जिंकण्याच्या बक्षिसाची संख्या छापलेली असते तें पुस्तक वाचणाराच्या हातास काय शिकवितें तें उघड आहे.

हा हिशेब आपल्याकडे प्रत्यक्षांत झालेला आहे. एकोणिसाव्या शतकांत इंग्रज सरकारनें मेलेल्या विषारी सापामागें इनाम ठेवलें होतें, आणि रत्नागिरी जिल्ह्यांत फुरशांची कत्तल त्या इनामासाठीं होत असे. फुरसें कोंकणांत आजहि भरपूर आहे.

या ठिकाणीं दोन वधांची तुलना केल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. हर्क्युलीसचा हायड्रा आणि कृष्णाचा कालिय हे दोघेहि अनेक डोक्यांचे, दोघेहि पाण्यांत राहणारे, दोघांच्याहि विषानें भोंवतालचा प्रदेश ओस पडलेला. हर्क्युलीस डोकीं कापतो, कापलेल्या जागा डागतो आणि शेवटीं उरलेलें विष आपल्या बाणांस माखून घेतो; पुढें तेंच विष फिरून त्याच्या स्वतःच्या मरणास कारण होतें. कृष्ण फणांवर नाचतो, कालियाला दमवितो, आणि त्याच्या स्त्रिया पदर पसरतात तेव्हां त्याला सहकुटुंब रमणक द्वीपास जाण्याची आज्ञा करतो. आपण त्या प्रसंगास 'कालियामर्दन' म्हणतों, कालियवध म्हणत नाहीं. खेळानें हायड्रा पहिल्या दिवसापासून घेतला आणि त्याचें सामर्थ्य डोकीं मोजून ठरविलें. कालिय घेतां आला नसता, कारण शत्रूस हद्दपार करून त्याचा जीव राखणें याला रकाना नव्हता.

आणि महाभारताचा आरंभच मुळीं सर्पांच्या कत्तलीनें होतो. बापास तक्षक चावला म्हणून जनमेजयानें सगळ्या नागकुलाचा होम मांडला. हजारों सर्प अग्नींत पडत होते, त्यांत ज्यांनीं कोणास दंश केला नव्हता असेहि असतील. तें सत्र शस्त्रानें थांबलें नाहीं. आस्तिक नांवाचा मुलगा, बाप ब्राह्मण आणि आई वासुकीची बहीण, यज्ञमंडपांत आला, त्यानें राजाची स्तुति केली, राजानें वर माग म्हटलें, आणि त्यानें सत्र थांबविण्याचा वर मागितला. हाहि मनुष्य आणि नाग यांचा संकरच. परंतु युआन-टीच्या कथेंत जो संकर विकृति ठरला तोच येथें दोन्ही कुळांस वांचविणारा ठरतो. साप दिसला असतां आस्तिकाचें नांव घेण्याची चाल आपल्याकडे अजून कित्येक घरांत आहे.

नव्या नियमांतहि कोणी कारागिरानें नागासाठीं एक पळवाट ठेवलेली दिसते. २०१४ च्या ग्रंथांत रक्षक नाग व पिशाचनाग या दोघांपुढें असें लिहिलें आहे कीं, तो मेला तर एक ते सहा दिवसांत, फांसा सांगेल त्या दिवशीं, तो पुन्हां जिवंत होतो आणि त्याचे सर्व प्राणांक कात टाकल्यासारखे नवे होतात. तें टाळावयाचें तर मागेल तें देणारा, खेळांतला सर्वांत थोर मंत्र खर्ची घालावा लागतो, आणि तो जाणणारा मांत्रिक सतराव्या पायरीच्या खालीं नसतो. बहुतेक टोळ्यांत इतका थोर मांत्रिक नसतो. तेव्हां टोळीनें नाग मारला, नाणीं पोत्यांत भरलीं, जखमा बऱ्या होईपर्यंत वरच्या दालनांत मुक्काम केला, आणि खालीं विसरलेलें कांहीं आणण्यासाठीं कोणी एकटा मशाल घेऊन पुन्हां उतरला, तर रिकाम्या चौथऱ्यावर तो वेटोळें घालून बसलेला असतो; आणि या खेपेस आलेल्या माणसाचा चेहरा त्याच्या ओळखीचा असतो.